आधी ग्रामसभेला विचारा, मग झाडाला कॅमेरा बांधा



या उन्हाळ्यात हिरड्याला मी मामाच्या गावी गेले होते. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. आम्ही पाचजणी पहाटेच निघालो. मामी पुढं, मी सगळ्यांच्या मागं. पाणवठ्याच्या वळणावर मामी एकदम थांबली आणि पदर सारखा करायला लागली. मला वाटलं, कोणी गडीमाणूस येतोय. तर माणूस नव्हताच. झाडाच्या बुंध्याला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पट्ट्यानं आवळून एक हिरवट डबी बांधलेली होती. डबीला काचेचा डोळा.

"तू बारावी शिकलीस ना, वाच की काय लिवलंय," मामी म्हणाली.

मी वाकून बघितलं. कंपनीचं नाव होतं, एक आकडा होता. कोणी बांधलाय, कशासाठी, किती दिवस, फोन कोणाला करायचा, यातलं एक अक्षर नव्हतं. मामी म्हणाली, "महिना झाला असंल. आम्ही आता ह्या वाटंनं येतच नाय. आज तू हायेस म्हणून आले." त्या वळणाच्या पलीकडच्या झुडपात बायका परसाकडला जातात. आता लांबच्या वाटेनं जातात, अंधारातच जातात. बिबट्याच्या भीतीनं नाही, डबीच्या भीतीनं.

गावात विचारलं. सरपंचाला माहीत नाही. वनहक्क समितीच्या अध्यक्षाला माहीत नाही. ग्रामसभेच्या वहीत नोंद नाही. एकजण म्हणाला, "वाघरं मोजायला लावलाय म्हणत्यात." कोण म्हणतं? ते त्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून हा लेख. गावात वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी ऐकवा, कारण त्याच बाया रानात जास्त जातात.

डबी काय करते

आधी हे यंत्र नीट समजून घेऊ. भीतीनं बोललं की साहेब लोक हसतात, माहितीनं बोललं की ऐकावं लागतं.

याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा, पण यात जनावर अडकत नाही, फोटो अडकतो. समोरून उबदार अंगाचं काही हललं की यंत्राला कळतं आणि फोटो आपोआप निघतो. तारीख आणि वेळ फोटोवरच छापून येते. रात्री अंधारातही निघतो, बऱ्याच कॅमेऱ्यांचा उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही. वाघ-बिबट्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण जनावराच्या दोन्ही कुशी दिसाव्या लागतात. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यावरून ओळखतात की हा कालचाच की नवा. तोच किती वेळा परत आला आणि नवे किती आले, यावरून हिशेब करून रानात एकूण किती असतील ते काढतात. पूर्वी पायाच्या ठशांवरून मोजायचे, त्यात चुका व्हायच्या. ही रीत त्याहून बरी आहे, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

पण डबीला वाघ कोण आणि मामी कोण हे कळत नाही. उबदार अंग हललं, फोटो काढला. शेकरू खाली उतरलं तरी फोटो, भेकर गेलं तरी फोटो, मोळी घेऊन म्हातारी गेली तरी फोटो, लुगडं वर धरून पोरगी ओढा ओलांडत असली तरी फोटो.

2018 सालच्या देशभरच्या व्याघ्रगणनेत 26,838 जागांवर असे कॅमेरे लावले. फोटो निघाले 3 कोटी 48 लाख 58 हजार 623. त्यात वाघाचे 76,651 आणि बिबट्याचे 51,777. जगातली सगळ्यात मोठी कॅमेरा गणना म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. चांगली गोष्ट आहे. वाघाचा एकेक फोटो मोजला गेला. पण त्या रानात जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांचे फोटो निघाले तेव्हा ते कोणी बघितले, कुठं ठेवले, कधी पुसले, हे त्यांच्या ग्रामसभेत बसून कोणी सांगितलं का? माझ्या मामाच्या गावात तरी सांगितलेलं नाही.

कॉर्बेटमध्ये काय झालं

कोणी म्हणेल, ही पोरगी उगाच बाऊ करते. मग ऐका.

उत्तराखंडात कॉर्बेट टायगर रिझर्व्ह आहे. तिथं 2017 साली जंगलात परसाकडला बसलेल्या एका बाईचा फोटो कॅमेरा ट्रॅपमध्ये निघाला. ती बाई खालच्या मानलेल्या जातीची, आणि मनानं वेगळी, स्वतःची बाजू मांडू न शकणारी. तो फोटो पुसायला हवा होता. पुसला नाही. जंगलाच्या कामावर तात्पुरते घेतलेल्या पोरांनी तो व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवर फिरवला. गावकऱ्यांनी संतापून दिसतील ते कॅमेरे फोडले, जाळले.

त्रिशांत सिमलाई या संशोधकानं त्या भागात 270 लोकांशी बोलून अभ्यास केला. तो 2024 च्या नोव्हेंबरात छापून आला. त्यात एक गोष्ट आहे, ती आपल्या बायकांनी नीट ऐकावी. तिथल्या बायका रानात मोठ्यानं बोलत, गाणी म्हणत जायच्या. आवाज ऐकला की हत्ती-वाघ बाजूला होतात, ही त्यांची जुनी रीत. आपलीही तीच आहे. कॅमेरे लागल्यावर त्या गप्प झाल्या. कोणी बघतंय, कोणी ऐकतंय, म्हणून दबून चालायला लागल्या, अनोळखी भागात जायला लागल्या. सिमलाई ज्या बायकांशी बोलले त्यांच्यापैकी एकीला पुढं वाघानं मारलं.

वाघ वाचवायला लावलेल्या यंत्रानं बाईचा आवाज बंद केला, आणि आवाज हेच तिचं हत्यार होतं. आपल्या डोंगरात असं झालं असं मी म्हणत नाही. व्हायच्या आधी बोलावं, एवढंच म्हणते. मामीनं वाट बदलली आहे. तिथून सुरुवात होते.

न्हावऱ्याला मागून मिळत नाही

आता माझी दुसरी बाजू सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की हिला कॅमेराच नको.

मी राहते न्हावऱ्याला, शिरूर तालुक्यात. माझा बाप डोंगरातून खाली आला तो मजुरीला. डिंभे धरण आमच्या डोंगरात झालं, रानं आमच्या लोकांची बुडाली, आणि उजव्या कालव्याचं पाणी खाली शिरूर तालुक्यापर्यंत आलं. घोड, चासकमान यांचेही कालवे आले. पाणी आलं तसा ऊस आला. ऊस आला तसा बिबट्या आला. त्याला ऊस म्हणजे दाट रानच: आत सावली, बाजूला पाणी, कडेला कुत्री, डुकरं, शेरडं. बिबट्यांच्या किती पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या.

उसाच्या कडेला कोण राहतं? बंगल्यातला मालक नाही. ठाकर, भिल्ल, पारधी, कातकरी, आणि बाहेरून आलेले ऊसतोड मजूर. पाचटाची कोपी, तिला दार नाही, लाईट नाही, संडास नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात वीस-बावीस दिवसांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं होती. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. मग पिंजरे आले, कॅमेरे आले, ड्रोन आले, बंदूकवाले आले. तीन जीव गेल्यावर.

आमच्या वस्तीतही बिबट्यानं शेरडू नेलं होतं. मी अर्ज लिहिला: वस्तीजवळ कॅमेरा लावा, जनावर एक आहे का दोन, पिल्लं आहेत का, कुठल्या वेळेला येतं, हे कळू द्या, म्हणजे आम्ही पोरांना त्या वेळेला आत ठेवू. अर्ज घेतला. पोच मागितली तर म्हणाले, बघू. कॅमेरा आला नाही.

म्हणजे बघा. मामाच्या गावी कोणी मागितला नव्हता, तिथं न विचारता बांधला. न्हावऱ्याला हात जोडून मागितला, तिथं मिळाला नाही. यंत्र तेच, बिबट्याही तोच. फरक एवढाच की दोन्हीकडं तिथं राहणाऱ्या माणसाचं मत कोणी धरलं नाही. माझं भांडण डबीशी नाही, या न विचारण्याशी आहे.

फोटोवरून गाव कसं उठतं

काही शिकलेले मित्र म्हणतात, जनावरं मोजली तर तुमचं काय जातं? आमचं काय जातं ते सांगते.

कागद असा चालतो. आधी फोटो. फोटोवरून आकडा. आकड्यावरून "महत्त्वाचा अधिवास". मग "मानवी हस्तक्षेप" असा शब्द येतो, आणि तो हस्तक्षेप म्हणजे आपण. शेवटी पुनर्वसनाचा प्रस्ताव. पहिल्या पायरीला आपल्याला बोलावत नाहीत, शेवटच्या पायरीला सही करायला बोलावतात.

19 जून 2024 ला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं राज्यांना पत्र पाठवलं. देशभरच्या 54 व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातली 591 गावं, 64,801 कुटुंबं, यांचं स्थलांतर अग्रक्रमानं करा, असं त्यात आहे. त्याआधी 28 मार्च 2017 ला याच प्राधिकरणानं आदेश काढला होता की व्याघ्र अधिवासात वनहक्क देऊ नका. देशभर आरडाओरड झाल्यावर वर्षभरानं तो मागं घ्यावा लागला. आरडाओरड केली म्हणून मागं घेतला, हे लक्षात ठेवा.

भीमाशंकर व्याघ्र प्रकल्प नाही, ते 1985 सालचं अभयारण्य आहे, हे मला माहीत आहे. पण आपल्याच सह्याद्रीत दक्षिणेला बघा. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2018 च्या मे महिन्यात तिथं कॅमेऱ्यात वाघ दिसला, 2023 च्या डिसेंबरात पुन्हा दिसला. दोन्ही वेळा पेपरात फोटोसकट बातमी. चांदोलीतून उठवलेल्या माणसांनी जमिनीसाठी कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपुढं ठिय्या दिला, त्यांची बातमी कितव्या पानावर होती? मेळघाटात बाहेर काढलेले कोरकू 2019 च्या जानेवारीत कंटाळून परत आपल्या जुन्या गावठाणात गेले, तिथं झटापट झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. पुनर्वसन चांगलं झालं असतं तर कोण परत गेलं असतं?

कायदा कोणाच्या बाजूनं आहे

अभयारण्यात अभ्यासाला किंवा फोटो काढायला जायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. म्हणजे भेकराचा फोटो काढायला सरकारची परवानगी लागते. माझ्या मामीचा फोटो काढायला कोणाची लागते?

लागते. वनहक्क कायदा 2006 वाचा. कलम 3(1)(झ) मध्ये सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आपला आहे. कलम 5 म्हणतं की वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. आणि त्याच कलमात पुढं आहे: सामूहिक वनात कोणी यायचं, कसं यायचं, यावर ग्रामसभा जे ठरवेल ते पाळलं जाईल हे बघायचा अधिकारही ग्रामसभेला आहे. रानात शिरून झाडाला यंत्र बांधणं हे येणंच झालं. आंबेगाव आणि जुन्नरची आपली डोंगरी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसा कायदा 1996 चा आहे, त्याचे महाराष्ट्राचे नियम 2014 चे आहेत. शिरूर त्यात नाही. म्हणून न्हावऱ्याच्या आदिवासीची ग्रामसभा गर्दीत हरवते. तो प्रश्न वेगळा मांडावा लागेल.

कलम 4(2) तर पाठच करा. अभयारण्यातला भाग अतिसंरक्षित ठरवून आपले हक्क बदलायचे असतील, तर आधी सगळ्या दाव्यांचा निकाल लागला पाहिजे. आपल्या वावरानं वन्यप्राण्यांचं न भरून येणारं नुकसान होतं, हे सिद्ध केलं पाहिजे. माणूस आणि जनावर एकत्र राहण्यासारखा दुसरा मार्ग उरला नाही, हे दाखवलं पाहिजे. आणि शेवटी ग्रामसभेची मोकळी, माहिती घेऊन दिलेली लेखी संमती पाहिजे. कलम 4(5) म्हणतं, दाव्याची प्रक्रिया पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही.

बायकांसाठी आणखी एक. परसाकडला बसलेल्या बाईचा फोटो काढणं, बघणं, फिरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. त्या निकालात असं कुठं लिहिलेलं नाही की हा हक्क संडास असलेल्यांनाच आहे.

डबी फोडू नका

आता आपल्या पोरांशी बोलते. मामाच्या गावी दोघंतिघं म्हणाले, "ताई, रात्रीतून दगडानं ठेचतो, विषय संपला." मला त्यांचा राग कळतो. पण विषय संपत नाही, विषय तिथं सुरू होतो. सरकारी मालमत्तेची केस तुमच्यावर, तारखा तुम्हाला, वकील तुम्हाला. वर साहेब म्हणणार, बघा, शिकारी लोक आहेत, म्हणून कॅमेरा नको होता.

आणि दुसरं कारण जास्त मोठं आहे. त्या डबीत आपला पुरावा आहे.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या साथीदारांनी असेच कॅमेरे लावले होते. जंगलात नाही, शेतात, 179 चौरस किलोमीटरमध्ये. अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं राहतात असा तो भाग. तिथं दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे आणि पाच तरस निघाले. शहरातली माणसं चकित झाली. आपण झालो का? आपल्याला माहीतच होतं. आपल्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. गावाच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड असतो, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतो. ज्याच्याशी रोजचा शेजार आहे त्यालाच कोणी देव मानतो. शिवेवरचा वाघोबा हाच आमचा जुना करार आहे: तू तिकडं, मी इकडं, वाटेवर भेट झाली तर दोघांनी वाट सोडायची.

जुन्नरला वेगळं केलं. 2001 नंतर बिबटे पकडून लांबच्या जंगलात नेऊन सोडायला लागले. अत्रेयांच्याच अभ्यासात दिसलं की आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते नंतर 17 झाले. उचलून अनोळखी रानात टाकलं की जनावर बिथरतं. हे बिबट्याला लागू आहे. माणसाला नाही का? डिंभ्याच्या काठावरून उचलून टाकलेली आमची माणसं आजही बिथरलेलीच आहेत.

तेव्हा विचार करा. एकाच डबीत पहाटे पाच वाजता मामी आणि रात्री अकरा वाजता बिबट्या, असे फोटो निघत असतील, तर तो कशाचा पुरावा? साहेबांच्या कागदावर तो "मानवी हस्तक्षेप". कलम 4(2) समोर ठेवला तर तो एकत्र राहण्याचा पुरावा, तारखेसकट आणि वेळेसकट. माणूस असूनही जनावर आहे, हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला साक्षीदार कुठला? पण साक्षीदार दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असला तर आपल्या काय कामाचा? म्हणून डबी फोडायची नाही. डबीतलं मागायचं.

कर्नाटकात बिळिगिरीरंगाच्या डोंगरात, व्याघ्र प्रकल्पाच्या आत, सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना 2011 साली सामूहिक वनहक्क मिळाले. वाघ तिथून पळून गेले नाहीत. तिथं झालं ते इथं का होणार नाही?

"शिकारी पकडायला लागतात ना कॅमेरे?"

हा प्रश्न खरा आहे आणि टाळायचा नाही. शिकारी येतात. बाहेरून जीप घेऊन येतात, आपल्यातलाही एखादा पैशाला भुलतो. त्याला पकडलाच पाहिजे, आणि आपली ग्रामसभा त्यात पुढं असली पाहिजे. पण शिकाऱ्याचं नाव सांगून हिरडेवालीचा फोटो काढायचा, आणि मग त्याच फोटोवरून मोळीचा, गुरं चारल्याचा दंड लावायचा, हे चालणार नाही. वनहक्क कायद्यानं जे गौण वनोपज आपलं आहे, ते गोळा करताना निघालेला फोटो हा गुन्ह्याचा पुरावा होऊच शकत नाही. शिकाऱ्याचा फोटो निघाला तर ग्रामसभेच्या वनसंरक्षण समितीला दाखवा, दोघं मिळून पकडू. चोर पकडायला सगळ्या गावावर पहारा बसवतात का?

आपलं म्हणणं

1. कॅमेरा लावायच्या आधी ग्रामसभेकडं मराठीत लेखी अर्ज करावा: कोण लावणार, किती, कुठं, किती दिवस, कशासाठी. ग्रामसभेची लेखी संमती मिळाल्यावरच लावावा. नुसतं सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला सांगणं म्हणजे संमती नव्हे.

2. जागा ठरवताना बायकांना सोबत घ्यावं. परसाकडची जागा, पाणवठा, धुणं धुवायचा ओढा आणि देवाचं ठाणं इथं कॅमेरा नको. वाटेवर दोन्ही बाजूंना दिसेल अशी पाटी, आणि डबीवर लावणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर.

3. माणसांचे फोटो निघाले की पुसावेत, आणि पुसले असं ग्रामसभेला लेखी द्यावं. ते कोणालाही देऊ नयेत, केसमध्ये वापरू नयेत. कोणी फिरवला तर त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा.

4. काम संपल्यावर जनावरांचे फोटो आणि आकडे आधी गावात पडद्यावर दाखवावेत, मराठीत समजावून सांगावेत, आणि त्यांची प्रत ग्रामसभेच्या दप्तरात द्यावी.

5. वाट दाखवायला, कॅमेरे बांधायला आणि जनावर ओळखायला गावच्या पोरापोरींना मजुरीवर घ्यावं. आजवर वाट आपण दाखवतो आणि अहवालावर नाव दुसऱ्याचं लागतं. आपलंही लागावं.

6. वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत आणि कलम 4(2) च्या सगळ्या पायऱ्या होईपर्यंत कॅमेऱ्याच्या माहितीवरून कुठल्याही गावाच्या स्थलांतराचा प्रस्ताव करू नये.

7. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेडच्या ऊसपट्ट्यात वस्तीनं कॅमेरा मागितला तर तो माणूस मरायच्या आधी लावावा. सोबत वस्तीला लाईट आणि संडास द्यावा. नुसता कॅमेरा पोराला वाचवत नाही.

या महिन्यात काय करायचं

आपल्या रानात कॅमेरा दिसला तर हात लावू नका. जागा, तारीख, डबीवरचा आकडा वहीत लिहा. पंचायतीच्या नाही, गावाच्या ग्रामसभेत ठराव करा. ठरावाचा मसुदा असा:

"आमच्या सामूहिक वनक्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीशिवाय कॅमेरा ट्रॅप बसवण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे. वनहक्क कायदा 2006, कलम 5 अन्वये ही ग्रामसभा ठराव करते की, संबंधितांनी पंधरा दिवसांत ग्रामसभेसमोर येऊन सर्व माहिती द्यावी, व्यक्तींची छायाचित्रे नष्ट केल्याचे लेखी द्यावे आणि वन्यप्राण्यांच्या माहितीची प्रत ग्रामसभेस द्यावी. तोपर्यंत नवीन कॅमेरे बसवू नयेत."

एक प्रत तहसीलदार, एक उपविभागीय वनहक्क समिती, एक वनपरिक्षेत्र कार्यालय. प्रत्येकाची शिक्क्याची पोच घ्या. माझ्यासारखी पोच न घेता परत येऊ नका.

आणि आपली वही आपणच सुरू करू. रोज रानात जाणारं माणूस काय बघतं ते संध्याकाळी लिहून ठेवायचं: सांबराचा माग कुठं, शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर, तरसाची बीळ, बिबट्याची विष्ठा, तारीख. म्हाताऱ्यांनी सांगायचं, शाळेतल्या पोरांनी लिहायचं. कॅमेरा महिनाभर बघतो. मामी पन्नास वर्षं बघते आहे. तिचं बघणं कोणी कागदावर घेतलं नाही, म्हणून ते नव्हतं असं होत नाही.

मी परत निघाले तेव्हा मामी म्हणाली, "तुझा कागुद आला की मला वाचून दाखीव. पण बाय, आधी ती डबी ओढ्यावरनं हलीव." माझ्याकडून अजून हललेली नाही. येत्या ग्रामसभेत पाचही जणींच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज जातोय. तुमच्या गावाचाही जाऊ द्या.

रान आमचं, वाट आमची, माहितीही आमची!
विचारल्याशिवाय कॅमेरा नाही, संमतीशिवाय स्थलांतर नाही!
जिंदाबाद!

— तुमचीच एक कार्यकर्ती, न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे